धरणातला गाळ शेतात नेताय? या चुका टाळा

पोकलेन गावात येतं त्या दिवशी जत्राच असते. नारळ फुटतो, फोटो निघतात, सरपंच बकेटमधल्या मातीला कुंकू लावतात. तिसऱ्या दिवशी खरी गंमत सुरू होते : पहिली ट्रॉली कुणाची, आणि वाट कुणाच्या बांधावरून?

मी दोन उन्हाळे एका स्थानिक संस्थेसाठी तलावाच्या काठावर बसून खेपांची वही लिहिली आहे. 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' ही योजना २०१७ साली आली आणि २०२३ पासून नव्या रूपात पुन्हा सुरू झाली. कामाची वाटणी साधी आहे. यंत्राचा आणि इंधनाचा भार सरकारकडे, काम उभं करणं संस्थेकडे, आणि गाळ शेतापर्यंत नेणं शेतकऱ्याकडे. तिघांपैकी कुणी फारसं कमी पडत नाही. बिघडतं ते एकाचं काम संपून दुसऱ्याचं सुरू होतं तिथे.

ठराव पाच जणांचा, तलाव सगळ्या गावाचा

ग्रामपंचायतीचा ठराव लागतो म्हणून तो घाईघाईत होतो. ज्यांचा ट्रॅक्टर आहे तेच बैठकीला असतात. तलावात मासेमारीचा ठेका असलेले भोई आणि पाणी ओसरल्यावर गाळपेर करणारी कुटुंबं यांना काम सुरू झाल्यावर कळतं. मग एखादा यंत्रासमोर आडवा होतो आणि भाड्याचं मशीन चार दिवस उभं राहतं. बैठक लावताना या लोकांना निरोप आधी धाडा. त्याच बैठकीत दोन गोष्टी लिहून घ्या : खेपांचा क्रम आणि ट्रॉलींची वाट. कुणाच्या शेतातून वाट जाणार असेल तर त्याची संमतीही तिथेच. नंतर ती मिळत नाही.

किती खोल जायचं?

सगळ्यात महागात पडणारी चूक इथे होते. 'आलंच आहे मशीन तर अजून दोन फूट घे' हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की त्याची वेगळी वही झाली असती. साठवण तलावात मूळ तळाच्या खाली गेलात तर मुरूम उघडा पडतो आणि साठलेलं पाणी दिवाळीआधीच जिरून जातं. पाझर तलावाचं गणित उलटं असतं. तिथे गाळ बसल्यामुळेच पाझर बंद झालेला असतो आणि खालच्या विहिरी कोरड्या पडलेल्या असतात. म्हणून तिथे गाळ तळापर्यंत काढायचा, पण तोही तळापर्यंतच.

भरावाच्या, म्हणजे तलावाच्या मातीच्या बांधाच्या, पायथ्याशी तर खोदूच नका. शाखा अभियंत्याकडून चुन्याची रेघ मारून घ्या आणि ऑपरेटरला ती प्रत्यक्ष दाखवा, कारण मोजणी झाली त्या दिवशी तो गावात नसतो. वाळू लागली तर काम थांबवा. या योजनेत वाळू उपशाला पूर्ण बंदी आहे, आणि एक डंपर वाळू गेली तरी अख्ख्या गावाचं काम संशयात येतं.

गाळ म्हणजे खत नव्हे

हलक्या, मुरमाड, पाणी न धरणाऱ्या जमिनीला गाळ म्हणजे सोनं. भारी काळ्या जमिनीवर टाकलात तर निचरा बिघडेल, वापसा, म्हणजे पेरणीजोगी ओल, लवकर येणार नाही आणि पेरणी लांबेल. गावात मात्र शेजाऱ्याने टाकला म्हणून सगळेच टाकतात.

आधी दोन परीक्षा करा. पारदर्शक बाटलीत मूठभर गाळ आणि पाणी घेऊन जोरात हलवा आणि ठेवून द्या. मिनिटभरात बरंचसं तळाला बसलं तर ती वाळूच आहे, वाहतुकीचा खर्च करू नका. दुसरी परीक्षा माती प्रयोगशाळेची. सामू (पीएच) ८.५ च्या वर असेल तर तो गाळ शेतात नेऊ नका, चांगली जमीन चोपण, म्हणजे क्षारांनी घट्ट आणि नापीक, व्हायची.

आता थर. एका एकरावर चार इंचांचा थर म्हणजे सुमारे ४०० घनमीटर, म्हणजेच १४० ब्रास. ट्रॉलीत एक ब्रास बसतो असं धरलं तर एकरी १४० खेपा. हा आकडा ऐकून बैठक गप्प होते, आणि ते बरंच आहे. अल्पभूधारक आणि सीमांत शेतकऱ्यांना वाहतुकीसाठी घनमीटरला ३५.७५ रुपये अनुदान आहे. ते एकरी १५,००० रुपयांपर्यंत आणि जास्तीत जास्त अडीच एकरांसाठी, म्हणजे ३७,५०० रुपयांपर्यंत मिळतं. ब्रासला साधारण शंभर रुपये पडले. शेत तलावापासून लांब असेल तर डिझेलही एवढ्यात भागत नाही. उरलेले पैसे कुठून आणायचे हे ठरवूनच पहिली खेप भरा. सगळ्या शेतावर इंचभर पसरण्यापेक्षा सर्वात हलका अर्धा एकर नीट करा.

टाकलेले ढीग तसेच ठेवू नका. उन्हात ढेकळं तडकू द्या, मग पसरा आणि पहिल्या पावसानंतर वखर फिरवून मिसळा. शेणखत बंद करू नका. गाळ ओल धरायला मदत करतो, पिकाचं पोट तो एकटा भरत नाही.

वही

खोदण्याआधीची आणि नंतरची मोजणी, ठिकाण दाखवणारे फोटो, आणि कुणाच्या गटात किती खेपा गेल्या याची सहीनिशी नोंद. रोजच्या रोज. आठवड्याने आठवून लिहिलेली वही अधिकाऱ्याला लगेच ओळखू येते. एका उन्हाळ्यात आमच्या दोन शेतकऱ्यांचं अनुदान अडकलं, कारण गट नंबर वडिलांच्या नावावर आणि सही मुलाची. सातबारा आधी तपासा.

उशीर

मे महिन्यात मशीन मागणारी गावं दरवर्षी रांगेत शेवटी असतात, आणि वळवाच्या एका सरीने तळ्यात चिखल होतो. ठराव आणि कागद जानेवारीतच पुढे सरकवा.

वरचा डोंगर विसरला तर

तलावात गाळ येतो कुठून? वरच्या उघड्या उतारावरून. माथ्याकडून पायथ्याकडे काम न करता नुसता तलाव उपसला तर काही वर्षांत तीच माती परत तिथेच. हिवरे बाजारचं नाव सगळे घेतात, पण तिथे चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी गावाने पाळली, आणि पुढे उसासारख्या पिकांना नि सिंचनासाठीच्या बोअरवेलनाही आवर घातला. हे कुठल्याही यंत्राने होत नाही, आणि संस्थेचा कार्यकर्ता गावात कायमचा राहायला येत नाही.

म्हणून मशीन परत पाठवण्याआधी वरच्या नाल्यांवर किती दगडी बांध फुटलेत ते चालत जाऊन बघा. सोबत गुराखी घ्या. कुठली घळ यंदा रुंद झाली हे त्यालाच माहीत असतं, आणि त्याची शेळी चरायला कुठे जाणार हेही त्याच फेरीत विचारून घेता येतं.