टायटॅनियममध्ये होल मारताना कंपन किती ठेवायचं?

भोसरी-चाकणकडच्या शॉपमध्ये टायटॅनियमचा जॉब आला की हात आधी जी83 कडे, म्हणजे टप्प्याटप्प्याने होल मारणाऱ्या सीएनसी सायकलकडे जातो. थोडं आत जायचं, ड्रिल वर काढायचं, पुन्हा आत. होल होतं, पण वेळ जातो. ग्रेड 5 टायटॅनियममधून उष्णता जेमतेम वाहते, मध्यम कार्बन स्टीलच्या सातव्या हिश्शाएवढीच. म्हणून ती धारेपाशीच साठते आणि लांब चिप (कापलेल्या धातूची पट्टी) फ्लूटमध्ये, म्हणजे ड्रिलच्या खाचेत अडकते.

यावर उपाय म्हणजे कंपन देणारा होल्डर (ड्रिल पकडणारा भाग). तो फिरत्या ड्रिलला पुढेमागे हलवतो. दर कंपनात धार धातूतून पूर्ण सुटली तरच चिप तुटते. सगळा खेळ या सुटण्यावर आहे, त्यामुळे आकडा अंदाजाने लावू नका.

होल्डर एका फेऱ्यात दीड कंपनं देत असेल आणि ड्रिल दोन धारांचं असेल, तर कंपनाचा एकूण पल्ला (पुढच्या टोकापासून मागच्या टोकापर्यंतचं अंतर) फेऱ्यामागच्या फीडच्या, म्हणजे एका फेऱ्यात ड्रिल जेवढं आत जातं त्याच्या, 0.71 पटीहून जास्त हवा. 6 मिमीचं थ्रू-कूलंट (आतून कूलंट सोडणारं) कार्बाइड ड्रिल घ्या. 1300 आरपीएम (सुमारे 25 मीटर/मिनिट), फीड 0.08 मिमी, म्हणजे मिनिटाला 104 मिमी. किमान पल्ला 0.057 मिमी येतो, 0.08 लावा, कारण जॉब आणि फिक्स्चर थोडे दबतात आणि टोकापर्यंत तेवढा पल्ला पोचत नाही. फेऱ्यात बरोबर दोन कंपनं कधीच नकोत. दोन्ही धारा एकाच लाटेवरून जातात, पल्ला कितीही वाढवा, चिप तुटत नाही.

जास्त पल्लाही घातक. वर दिलेल्या 0.08 च्या सेटिंगवरच मध्यापासून अर्ध्या मिमीवर ड्रिलच्या उतरण्याचा कोन दीड अंशावरून क्षणभर 8 अंशांवर जातो. तिथे धारेमागचा मोकळा कोन (क्लिअरन्स) त्याहून कमी असेल तर पाठ घासते आणि मधली धार चुरते.

रनआउट (फिरताना ड्रिलचं डगमगणं) ड्रिलच्या टोकाशी डायल लावून बघा, 0.02 मिमीच्या आत हवा. प्रोग्रॅम जी81 ने (एका दमात होल मारणारी सायकल) चालवा, तळाशी डवेल, म्हणजे थांबा नको.

पहिल्या होलनंतर चिप तळहातावर घ्या. छोटे, सुटे, पंख्याच्या आकाराचे तुकडे आले तर सेटिंग जमलं. तुकडे एकमेकांना चिकटून साखळी दिसली तर धार पूर्ण सुटत नाही. आधी क्लॅम्पिंग घट्ट करा, मग पल्ला 0.01 ने वाढवा. तुकडे सुटे पण निळे असतील तर आरपीएम उतरवा, कूलंटचा दाब बघा.

ही बारीक चिप सहज पेट घेते. ट्रे रोज रिकामा करा, शेजारी कोरडी वाळू ठेवा. पेटलीच तर पाणी अजिबात मारू नका.