एआर-१५चा धक्का कमी करायचा तर आधी गॅस आवरा

स्वतः जुळवलेली एआर-१५, म्हणजे दर बारानंतर स्वतःच पुढचं काडतूस भरणारी रायफल, घेऊन रेंजवर पहिल्यांदा गेलात की शेजारच्या बाकावरून सल्ला येतोच: "मोठा मझल ब्रेक लाव, सगळा धक्का जाईल." मझल ब्रेक म्हणजे नळीच्या तोंडावर बसवायचा, गॅस बाजूला वळवणारा तुकडा. हे ऐकून लोक दीडदोनशे डॉलरचा ब्रेक आणतात. रायफल आधीपेक्षा कानठळ्या बसवते आणि हिसका बराचसा तसाच राहतो. चुकीच्या जागी सुरुवात केली की असंच होतं.

.२२३ काडतुसाचा मूळ धक्का फार नसतो. या रायफलीत खांद्याला आणि दुर्बिणीतल्या ठिपक्याला जे जाणवतं, त्यात मोठा वाटा आत धावणाऱ्या पोलादाचा असतो. गोळी नळीतून पुढे जाताना मागचा थोडा गॅस नळीच्या भोकातून वर येतो, गॅस ट्यूबमधून मागे जातो आणि बोल्ट कॅरिअरला, म्हणजे चेंबर बंद करणारा बोल्ट ज्यात बसतो त्या सरकत्या पोलादी भागाला, ढकलतो. यूजीन स्टोनर यांची ही रचना, तिचं पेटंट १९६० सालचं. कॅरिअर बफरला, म्हणजे त्याच्या मागे स्प्रिंगसोबत सरकणाऱ्या वजनाला, घेऊन मागच्या टोकाला आदळतो, मग स्प्रिंग त्याला पुढे फेकते आणि तो नळीच्या बाजूला पुन्हा आदळतो. या दुसऱ्या आदळण्यात नळीचं तोंड खाली जातं आणि निशाण सुटतं. कारखानदार हे गॅसचं भोक मुद्दाम थोडं मोठं ठेवतात, म्हणजे स्वस्त, कमजोर काडतुसांवरही रायफल चालावी. चांगलं काडतूस घातलं की जास्तीचा गॅस कॅरिअरला गरजेपेक्षा जोरात हाणतो. नळीच्या तोंडावरचा ब्रेक हे मागचं हाणणं थांबवूच शकत नाही.

पुढे जाण्याआधी अमेरिकेतल्या आपल्या लोकांसाठी एक गोष्ट, कारण ती विचारल्याशिवाय कुणी सांगत नाही. एच-१बी किंवा तत्सम तात्पुरत्या व्हिसावर असाल तर तिथल्या केंद्रीय कायद्यानुसार बंदूक किंवा काडतुसं जवळ बाळगायला सर्वसाधारणपणे मनाई आहे. वैध शिकार परवान्यासारखे काही अपवाद आहेत, पण वकिलाशी बोलल्याशिवाय त्यांवर विसंबू नका. मित्राची रायफल रेंजवर हातात घेतली तरी प्रश्न उभा राहू शकतो. ग्रीन कार्ड आल्यावर ही केंद्रीय मनाई उरत नाही, मात्र राज्याचे नियम वेगळे. कॅलिफोर्निया, न्यू यॉर्क, न्यू जर्सीत तर नळीच्या तोंडावर काय चालतं इथपासून बघावं लागतं. भारतात ही रायफल सर्वसामान्य परवान्यावर मिळत नाही, त्यामुळे पुढचं सगळं तिकडच्या स्पर्धा-नेमबाजांसाठी आहे.

नळी अजून घ्यायची असेल तर निम्मं काम तिथेच होतं. १६ इंची नळीला कार्बाइन लांबीचा, म्हणजे साधारण ७ इंचांचा गॅस मार्ग घेऊ नका. ९ इंचांचा मिड-लेंग्थ घ्या. १८ किंवा २० इंची नळीला १२ इंचांच्या आसपासचा रायफल-लेंग्थ. भोक जितकं पुढे, तितका तिथला दाब उतरलेला.

नळीच्या भोकावर बसून गॅस ट्यूबकडे वळवतो तो गॅस ब्लॉक. गॅस कमीजास्त करता येणारा, म्हणजे अॅडजस्टेबल, आणि क्लिकवाला घ्या. साध्या स्क्रूवाल्यात स्क्रू आपोआप फिरतो किंवा काजळीने घट्ट बसतो. नळीवर बसवताना ब्लॉकचं भोक नळीच्या भोकावर नेमकं आलं पाहिजे. ते अर्धवट झाकलं गेलं तर पुढे सगळी लक्षणं गॅस कमी असल्याची दिसतील आणि तुम्ही दिवसभर भलतीकडेच शोधत बसाल. ब्लॉकच्या स्क्रूंना साधा थ्रेडलॉकर (आटे धरून ठेवणारा गोंद) चालत नाही, तिथे फार तापतं. उच्च तापमानाला टिकणारा लावा.

बोल्टवरच्या गॅस रिंग, म्हणजे गॅस निसटू न देणाऱ्या कड्या, तपासा: बोल्ट पुढे ओढून कॅरिअर बोल्टच्या तोंडावर उभा करा. स्वतःच्या वजनाने खाली बसला तर रिंग बदला. कॅरिअरवरची गॅस की (गॅस ट्यूबमधला गॅस आत घेणारा तुकडा) हलत नाही ना, तेही पाहा.

बफर आणि स्प्रिंग आधी ठरवा आणि मग त्यांना हात लावू नका. कार्बाइन बफर साधारण ३ औंसांचा, त्याहून जड एच ३.८चा, आणखी जड एच-२ ४.६चा. पूर्ण वजनाचा कॅरिअर आणि एच बफर, इथून सुरुवात करा. हलका कॅरिअर, हलका बफर आणि अगदी कमी गॅस हा स्पर्धेतल्या मुरलेल्यांचा मार्ग आहे. त्यात रायफल मऊ होते खरी, पण जराशी धूळ किंवा थंडी आली की अडकते. पहिल्या रायफलीला तो मार्ग धरू नये असं माझं ठाम मत आहे.

आता गॅसचा टप्पा. मला सगळ्यात जास्त याच टप्प्याने छळलं, आणि सगळ्यात जास्त भोंगळ सल्लाही याच्याचबद्दल मिळतो.

प्रत्येक बदलाआधी मॅगझिन बाहेर, चेंबर रिकामं, तोंड लक्ष्याकडे. ब्लॉकला उघड्या हाताने शिवू नका, चटका बसतो. गॅस पूर्ण बंद करून सुरुवात करा आणि एकेक क्लिक उघडत जा. बरेच जण उलटं सांगतात, पूर्ण उघड्यापासून बंद करत या. त्यात रायफल बराच वेळ व्यवस्थित चालत राहते, तुम्ही निर्धास्त होता आणि काठ, म्हणजे रायफल जेमतेम चालते तो क्लिक, कुठे आहे तेच कळत नाही.

मॅगझिनमध्ये एकच काडतूस घाला. जास्त घातली तर कॅरिअर पुरेसा मागे न जाताही कधीकधी पुढचं काडतूस उचलतो आणि सगळं ठीक आहे असं वाटतं. एकच असेल तर ते उडाल्यावर रिकाम्या मॅगझिनवर बोल्ट मागे अडकला पाहिजे, आणि अडकवणारा खटका मॅगझिनच्या मागच्या कडेच्याही मागे असतो. तिथवर कॅरिअर पोचला, तर तो पुरेसा मागे गेला. कसोटी हीच.

पहिल्या काही क्लिकांवर रिकामं काडतूस चेंबरमध्येच राहील. हँडल ओढून काढा. मग ते बाहेर पडेल, पण अर्धवट, तोंडाशी उभं अडकलेलं. त्यानंतर नीट पडेल, पण बोल्ट मागे अडकणार नाही. मग अडकेल.

इथे एक धोका आहे, आणि तो मी कुणालाही सांगितल्याशिवाय राहत नाही. या चाचणीत रायफल आपोआप चालत नसतेच, त्यामुळे हात आपसूक हँडलकडे जातो आणि पुढचा बार निघतो. मधेच एखाद्या काडतुसात दारू नसली किंवा कमी असली, तर गोळी नळीतच अडकून बसते. एरवी रायफल थांबल्याने संशय आला असता; इथे तर ती दर वेळी थांबणारच आहे. तेव्हा प्रत्येक बाराचा आवाज ऐका आणि लक्ष्यावर भोक पडलं का ते बघा. आवाज दबका आला किंवा भोक दिसलं नाही, तर तिथेच थांबायचं. रायफल रिकामी करून, बोल्ट काढून नळीतून आरपार उजेड दिसतो का ते पाहायचं. अडलेल्या गोळीवर दुसरी गोळी झाडली तर नळी फुटते.

बोल्ट पहिल्यांदा मागे अडकला की लोक खूश होऊन तिथेच थांबतात. थांबू नका. त्याच क्लिकवर सलग पाच वेळा अडकला पाहिजे. मग दुसऱ्या, तिसऱ्या मॅगझिनने करून पाहा, कारण थकलेल्या स्प्रिंगचं मॅगझिन खटका वर ढकलत नाही आणि दोष गॅसवर जातो. चाचणी बेंचवर टेकून नको. स्पर्धेत धरता तशी, उभं राहून करा. हे सगळं पार पडलं की आणखी दोन क्लिक उघडा.

हे दोन क्लिक बरेच जण देत नाहीत. मऊपणाच्या शेवटच्या कणासाठी रायफल अगदी काठावर ठेवतात. माझा याला विरोध आहे. काजळी साचते, तेल आटतं, थंडीत दारूचा दाब उतरतो. टेक्सासच्या जुलैत काठावर लावलेली रायफल मिनेसोटाच्या जानेवारीत एकेका बाराला थांबेल. स्पर्धेत एकदा अडकण्यात जेवढा वेळ जातो, तेवढा दोन क्लिकांचा मऊपणा कधीच वाचवत नाही. याच कारणाने चाचणी आपल्याकडच्या सर्वांत कमजोर काडतुसावर करायची. त्यावर चालली की बाकीच्यांवर चालते.

रिकामं काडतूस घड्याळाच्या कोणत्या आकड्याकडे उडतं यावरून गॅस ठरवायचा सल्लाही तुम्हाला मिळेल. तीन ते साडेचारच्या दरम्यान पडलं की झालं, म्हणतात. ते दिशा ढोबळपणे दाखवतं, एवढंच. रिकामं काडतूस बाहेर फेकणाऱ्या इजेक्टरची स्प्रिंग नवी की जुनी, दुर्बिणीचा माउंट वाटेत येतो का, काडतूस कुठे आपटून परततं, यावर ती जागा बदलते. एकच्या दिशेला जोरात भिरकावलं जात असेल तर गॅस जास्त असण्याची शक्यता आहे, पण मोजायचं ते बोल्टच्या अडकण्यावर.

क्लिकचा आकडा, काडतुसाचा प्रकार आणि त्या दिवशीचं तापमान वहीत लिहा. साफसफाईच्या वेळी गॅस ब्लॉकचा स्क्रू पूर्ण बंद आणि पूर्ण उघडा असा फिरवून परत वहीतल्या आकड्यावर आणा. नाहीतर काजळीने तो असा धरतो की पुढे हलत नाही.

यानंतरही बार झाल्यावर तोंड खाली जात असेल तर बफर एक पायरी हलका करा. मागे आदळणं अजून टणक वाटत असेल तर एक पायरी जड. दोन्ही वेळी गॅसची चाचणी पहिल्यापासून.

आणि मग, हवाच असेल तर, ब्रेक. त्याच्या मागे बसणारा, घट्ट आवळताना चेपणारा क्रश वॉशर दर वेळी नवा. गॅस नीट लागलेल्या रायफलीवर छोटा कॉम्पेन्सेटरही (गॅस वर सोडून तोंड खाली दाबणारा तुकडा) पुरतो, आणि रेंजवर शेजारी उभ्या असलेल्यांच्या अंगावर तितका धमाका येत नाही.