परराज्यातून स्नेक प्लांट मागवताना: दसऱ्यानंतरची खरेदी आणि नाशिकची थंडी

खोक्यात बंद होऊन आठ दिवस अंधारात काढले तरी स्नेक प्लांट या कुंडीतल्या शोभेच्या झाडाचे फारसे बिघडत नाही. पाणी तर ते पंधरा-वीस दिवस मागतही नाही. ते मरते ओलीने. ओल्या मुळांसकट बांधलेले रोप गारठलेल्या गोदामात दोन रात्री पडले की कंद आतून सडू लागतो, आणि वरची पाने मात्र आठवडाभर टवटवीत दिसत राहतात. म्हणून रोप कधी मागवायचे आणि कसे बांधायला सांगायचे, हे वाण निवडण्याच्या आधी ठरवावे.

मागवण्याचे दिवस

नाशिक जिल्ह्यात वर्षातून दोनच काळ या खरेदीला सोयीचे आहेत. पहिला, परतीचा पाऊस थांबल्यापासून नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंत. दुसरा, फेब्रुवारीच्या मध्यापासून होळीपर्यंत. नवी फूट लवकर हवी असेल तर दुसरा काळ उजवा, कारण पुढे उन्हाळ्याची ऊब मिळते. मात्र दसऱ्यानंतर मागवलेल्या रोपाला थंडीआधी मुळे धरायला महिनाभर मिळतो, आणि तेवढा पुरतो.

दिवाळीचा आठवडा टाळावा. कुरिअरची गोदामे तेव्हा फराळाच्या आणि कपड्यांच्या पार्सलांनी भरलेली असतात, रोपवाटिकेतली माणसे गावी गेलेली असतात. धनत्रयोदशीच्या किमान आठ दिवस आधी रोप हातात पडेल असा हिशेब धरावा, नाहीतर सरळ भाऊबीज उलटू द्यावी. द्राक्षवाल्यांची ऑक्टोबर छाटणी याच दिवसांत असते. छाटलेल्या काड्यांना पेस्ट लावायला मजूर आलेले असताना पार्सल तसेच ओट्यावर पडून राहते, तेव्हा खोके उघडायची जबाबदारी घरातल्या एकावर टाकून ठेवा.

डिसेंबर-जानेवारीत मागवू नका. १० अंशांखाली हे झाड दुखावते आणि निफाड परिसरात पारा ५-६ अंशांपर्यंतही उतरतो. थंडीचा फटका लगेच कळत नाही, ही यातली खरी अडचण. आठ-दहा दिवसांनी, कधी त्याहूनही उशिरा, पानावर पांढुरके, पाणी भरल्यासारखे खोलगट डाग उठतात. तोवर विक्रेत्याची तक्रारीची मुदत संपलेली असते. पावसाळ्यात खोके भिजते आणि एप्रिल-मेमध्ये बंद गाडीत रोप अक्षरशः शिजते.

काय कुठून घ्यावे

हिरवे-पिवळे लॉरेंटी, बुटके हानी, सिलिंड्रिका हे वाण टपालाने मागवण्यात अर्थ नाही. पुण्याजवळचे सोरतापवाडी आणि उरुळी कांचन इथे गाडी घेऊन जा, हाताने निवडून आणा. गोदावरीच्या दुसऱ्या टोकाला, आंध्रात, राजमहेंद्रीजवळ रोपवाटिकांचे कडियम आहे; तिथला माल ट्रकने येतो आणि मोठ्या संख्येत घेतला तरच परवडतो. टपालाने फक्त तेच मागवावे जे जवळपास मिळत नाही: मॅसोनियाना म्हणजे व्हेल फिन, बँटल्स सेन्सेशन, गोल्डन हानी, किर्की, एहरेनबर्गी. पश्चिम बंगालमधल्या कालिम्पाँगकडे आणि केरळात असे खास वाण ठेवणाऱ्या रोपवाटिका आहेत. कालिम्पाँगहून माल यायला आठवडा सहज लागतो, तो धरून चाला.

नावांचा घोळ आधीच समजून घ्या. स्नेक प्लांट ज्या सॅन्सेव्हिएरिया प्रजातीत मोडायचे, ती शास्त्रज्ञांनी २०१७ साली ड्रॅसिना या दुसऱ्या प्रजातीत विलीन केली. त्यामुळे एकाच्या यादीत सॅन्सेव्हिएरिया ट्रायफॅसिएटा आणि दुसऱ्याच्या यादीत ड्रॅसिना ट्रायफॅसिएटा असे दिसेल. झाड एकच. दोन नावांना दोनदा पैसे देऊ नका.

थायलंड-इंडोनेशियातल्या विक्रेत्यांची छायाचित्रे मोहात पाडतात. परदेशातून रोप आणायला आयात परवाना आणि मूळ देशाचे वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र लागते; २००३ च्या प्लांट क्वारंटाइन आदेशानुसार त्याविना आलेले पार्सल अडकते. निळ्या-जांभळ्या स्नेक प्लांटचे ‘बी’ विकणारे तर निव्वळ फसवतात. या झाडाचा धंदा बियांवर चालत नाही. ‘रात्री ऑक्सिजन देणारे’ म्हणून कोणी किंमत चढवली तर तेही मानू नका: हे झाड रात्री कार्बन डायऑक्साइड आत घेते एवढे खरे, पण ऑक्सिजन तयार व्हायला उजेडच लागतो.

पानाला नव्हे, कंदाला पैसे द्या

यातच सर्वांत जास्त पैसे बुडतात. स्नेक प्लांटचे पान कापून मातीत खोचले तरी दोन-तीन महिन्यांत त्याला मुळे फुटतात. विक्रेता त्याला ‘मुळे असलेले रोप’ म्हणतो, ते खोटेही नसते. पण नवा कोंब यायला आणखी कित्येक महिने जातात. दुसरे, लॉरेंटीची पिवळी कड, बँटल्सचे पांढरे पट्टे आणि गोल्डन हानीचा पिवळा रंग पानाच्या कलमातून उतरत नाही. नवे फुटवे साधे हिरवे निघतात. रंगीत वाण टिकवायचा असेल तर कंद फोडूनच वाढवावा लागतो, हळद-आल्यासारखा. मॅसोनियाना पुष्कळदा एकाच पानाचे विकतात. कंदावर डोळा असेल तर त्यात गैर काही नाही, पण नुसते रुंद पान असेल तर ते वर्षभर तसेच उभे राहील.

म्हणून ऑर्डरआधी मुळे धुतलेल्या, कंद दिसणाऱ्या रोपाचे छायाचित्र मागवा, शेजारी मोजपट्टी ठेवून. कंद किमान अंगठ्याएवढा जाड आणि निदान एक डोळा किंवा कोवळा फुटवा असलेला हवा. यादीतले छायाचित्र आणि तुम्हाला येणारे रोप एकच आहे का, हेही लिहून घ्या. पुढे फुटवे काढून विकण्यासाठी मातृरोपे म्हणून घेत असाल तर पहिल्यांदा एका वाणाची दोनच मागवा. ती तीन महिने जगली, तर दहा मागवा. एका कंदाला वर्षात साधारण दोन-चार फुटवे मिळतात, त्यामुळे ‘सहा महिन्यांत दुप्पट’ या हिशेबावर कर्ज काढू नये.

बांधणीच्या सूचना फोनवर नाही, लेखी पाठवा. रोप कुंडीतून काढून, माती झटकून, दोन-तीन दिवस सावलीत सुकवून मगच बांधावे. मुळांना ओले मॉस (शेवाळ) नको, प्लास्टिकची फिल्म तर मुळीच नको. कोरडा वर्तमानपत्राचा कागद पुरे. प्रत्येक रोप वेगळे गुंडाळून खोक्याला चिकटपट्टीने बांधावे, कारण आतल्या आत हिंदकळून पानाची टोके मोडतात आणि मोडलेले टोक पुन्हा येत नाही. रवानगी सोमवारी किंवा मंगळवारी. शुक्रवारी निघालेले पार्सल रविवार गोदामात घालवते. पेठ-सुरगाण्याकडच्या पाड्यांवर खासगी कुरिअर दारापर्यंत येईलच असे नाही. अशा वेळी शहरातल्या नातेवाइकांचा पत्ता द्यावा किंवा स्पीड पोस्टचा आग्रह धरावा.

पार्सल आल्यावर

खोके फोडायच्या आधीपासून एकसलग व्हिडिओ घ्या, पत्त्याची चिठ्ठी दिसेल असा. बहुतेक विक्रेते एवढाच पुरावा मानतात, आणि तोही २४ ते ४८ तासांत पाठवला तरच.

मग कंद बोटाने दाबा. कडक असेल तर ठीक. मऊ, पाणी सुटलेला, कुजका वास येणारा असेल तर ती जिवाणूजन्य सड. निर्जंतुक पात्याने निरोगी पांढरा भाग लागेपर्यंत कापा, प्रत्येक कापानंतर पाते स्पिरिटने पुसा, आणि पाच-सात दिवस सावलीत सुकू द्या. अशा रोपाला लगेच पाणी दिले तर उरलेलेही जाते. मुळांवर गाठी दिसल्या तर रोप ठेवूच नका. डाळिंब-टोमॅटोत ज्यांनी सूत्रकृमी पाहिले आहेत त्यांना त्या ओळखू येतील. ते रोप जाळून टाकावे, उकिरड्यावर नको.

पानांच्या बेचक्यात कापसासारखे पुंजके म्हणजे पिठ्या ढेकूण. चार-दोन रोपे असतील तर स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापसाने पुसणे पुरते; जास्त असतील तर बागेत वापरता तेच व्हर्टिसिलियम लेकॅनी (कीड मारणारी मित्रबुरशी), ५ ग्रॅम प्रति लिटर, संध्याकाळी, आठवड्याच्या अंतराने दोनदा. नवी रोपे तीन ते चार आठवडे जुन्यांपासून आणि द्राक्षाच्या मांडवापासून लांब ठेवा. पानांत सॅपोनिन हे जनावरांना बाधणारे द्रव्य असते, तेव्हा शेळ्या आणि कुत्री पोचणार नाहीत अशी जागा बघा.

लावणी

काळी माती कुंडीत घालू नका, कितीही सुपीक असली तरी. दोन भाग कोकोपीट, दोन भाग खडीक्रशरची चाळून धुतलेली कच, एक भाग भाताचे जळके तूस. इगतपुरी-त्र्यंबककडे तूस मुबलक मिळते, त्यासाठी परलाइट विकत आणायची गरज नाही. कोकोपीट क्षारमुक्त केलेले नसेल तर दोनदा धुवा. कुंडी मुळांच्या पसाऱ्यापेक्षा बोट-दोन बोटे मोठी, एवढीच. मोठ्या कुंडीतली ओल आठवडाभर सुकत नाही. कंद २-३ सेंटीमीटर खाली ठेवावा, पानांचा बुडखा मातीवर राहील असा.

पहिले पाणी पाच-सात दिवसांनी. पुढे ऑक्टोबर-नोव्हेंबरात १२-१५ दिवसांनी, डिसेंबर-जानेवारीत महिन्यातून एकदा, तेही सकाळी दहानंतर आणि कडेने. पानांच्या मधल्या पेल्यात पाणी साचले तर थंडीत तिथूनच सड सुरू होते. हानीसारख्या गुच्छाच्या वाणांत हे हमखास घडते. गुलाबाच्या पॉलिहाऊसमध्ये फॉगरखाली ही रोपे ठेवू नयेत.

आठ दिवस अंधारात राहिलेल्या पानांना ऑक्टोबरचे ऊन सोसत नाही. पहिला आठवडा पडवीत, मग ५० टक्के शेडनेटखाली. डिसेंबर लागताच उत्तरेच्या बाजूला पोती किंवा प्लास्टिक लावून वारा अडवा आणि कुंड्या फरशीवर न ठेवता फळीवर घ्या. खत फेब्रुवारीपर्यंत नको. नवा फुटवा मातीबाहेर दिसला तरी विक्रीसाठी तोडायची घाई करू नये. त्याची उंची आईच्या एक तृतीयांश होऊन स्वतःची मुळे सुटली की मगच कंद कापावा, आणि काप तीन दिवस सुकल्यावर लावावा.