बादली भरून ठेवायची की पालथी? एकत्र राहताना सवयी जुळवायच्या कशा

लग्नानंतर आमचं पहिलं खरं भांडण बादलीवरून झालं. मी कोल्हापूरची, नवरा लातूरचा, राहतो पिंपरी चिंचवडला. रात्री झोपायच्या आधी हा बाथरूममधल्या दोन्ही बादल्या, टब, अगदी तांब्यासुद्धा काठोकाठ भरून ठेवणार आणि सकाळी उठून मी ते शिळं पाणी म्हणून ओतून देणार, कारण माझ्या माहेरी सकाळी ताजं पाणी भरायचं हे आजीपासून चालत आलेलं. पंधरा दिवस कोणीच काही बोललं नाही आणि मग एका सकाळी मला ओतताना बघून तो असा चिडला की मला कळेचना, अरे पाणीच तर आहे ना!

दोन दिवसांनी शांतपणे विचारलं तेव्हा कळलं. 2016 च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणलं होतं, एप्रिलमधली पहिली गाडी साधारण 5 लाख लिटरची होती, आणि त्या वर्षी हा रोज कॉलेज सोडून टँकरच्या रांगेत घागरी घेऊन उभा असायचा. मिरज आमच्यापासून तासाभरावर, मी ती बातमी पेपरात वाचलेली आणि विसरून गेलेले.

तर पहिलं काम हे करा, समोरच्याची सवय बदलायला जाण्याआधी ती आली कुठून ते विचारा. आणि विचारताना एक शब्द जपून वापरा, "तुमच्याकडे". "तुमच्याकडे असंच असतं वाटतं" म्हटलं की संपलं, तो टोमणा थेट आईबापापर्यंत जातो. पण "तुमच्याकडे पाणी कधी यायचं, कोण भरायचं?" असं खरंच विचारलं की माणूस अर्धा तास बोलत बसतो. वेळ पण बघा, ओली बादली हातात असताना नाही, पाहुण्यांसमोर तर अजिबात नाही, रविवारी दुसऱ्या चहाला बरं पडतं.

मग तोडगा. आमचा असा निघाला की बादल्या भरायच्या पण झाकण लावून, सकाळी ते पाणी फेकायचं नाही, फरशी पुसायला, झाडांना, संडासात वापरायचं. आणि रविवारी सगळं रिकामं करून आतून ब्रशने घासून उन्हात पालथं घालायचं. हे घासणं महत्त्वाचं आहे हां, डेंगीचा डास स्वच्छ साठलेल्या पाण्यातच अंडी घालतो, ती भांड्याच्या कडेला चिकटून बसतात, नुसतं पाणी ओतून जात नाहीत, आणि अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात म्हणून आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा म्हणतात. आता इकडे सुद्धा दिवसाआड पाणी येतं, सोसायटीची टाकी असल्यामुळे जाणवत नाही इतकंच, त्यामुळे भरलेली बादली मला पण बरी वाटायला लागलीये.

काही सवयींवर मात्र चर्चा करूच नका. रात्री गॅसचा रेग्युलेटर बंद करायचा म्हणजे करायचा, ज्याला ही सवय आहे त्याचं ऐका आणि 1906 हा गॅस गळतीचा नंबर फ्रीजवर चिकटवून ठेवा.

भाताचं पण तसंच, पण तिथे सासूबाई होत्या म्हणून जरा नाजूक झालं. त्या आल्या की उरलेला भात ओट्यावरच झाकून ठेवायच्या, फ्रीजमध्ये दाणा कडक होतो म्हणून, आणि ते खरंच आहे, होतोच. पण मे महिन्यात रात्रभर बाहेर राहिलेल्या भातात जे जंतू वाढतात त्यांचं विष सकाळी फोडणी देऊन जात नाही. मी "आई, असं नका ठेवू" म्हणायचं टाळलं. "आई, उद्या फोडणीचा भात करू या ना, मी ताटात पसरून गार करते आणि डब्यात घालून फ्रीजला टाकते, फोडणीला मोकळा भातच चांगला लागतो" असं म्हटलं, त्या लगेच हो म्हणाल्या. तास-दोन तासात आत गेला पाहिजे एवढं लक्षात ठेवा.

पैशाच्या सवयींचा हिशोब समोर मांडा, आवाज चढवून काही होत नाही. 2 किलोवॅटचा गीझर अर्धा तास तापला की 1 युनिट जातं. मी चालू करून विसरायचे, नवऱ्याने बिल दाखवलं तेव्हा पटलं, आता मोबाइलवर 15 मिनिटांचा अलार्म लावते. एसी 24 वर, आणि ज्याला थंडी वाजते त्याला वेगळी गोधडी. एकाच पांघरुणाची ओढाताण करण्यात काही प्रेम नाहीये.

राहिली भांडी. इथे आमचा नियम एकच आहे, जो ते काम करतो त्याचा शब्द शेवटचा. नवरा म्हणायचा खरकटी भांडी सिंकमध्ये कोरडीच राहू दे, पाण्यात राहिली की वास येतो, मी म्हणायचे भिजवून ठेव. शेवटी मावशींना विचारलं, कारण घासायची त्यांना असतात. त्या म्हणाल्या, दुधाचं पातेलं आणि भाताचं कुकरचं भांडं तेवढं भिजवा, बाकीच्यातलं खरकटं नीट काढून ठेवा, एवढंच. तीन महिने आम्ही ज्यावर वाद घालत होतो ते ज्यांचं काम आहे त्यांनी दोन वाक्यात सांगितलं, आधी विचारलं का नाही याचं मला अजून वाईट वाटतं. हेच कपडे वाळत घालणाऱ्याला, इस्त्री करणाऱ्याला, केर काढणाऱ्याला पण लागू करा.

आणि सगळं एकदम काढू नका. महिन्याला एक विषय पुरे. ओल्या टॉवेलचा आम्ही गणपतीनंतर घेणार आहोत, तोपर्यंत मी बेडरूमच्या दारामागे दोन हुक ठोकून घेतलेत, बघू त्याला दिसतात का.