करडांचे दूध तोडताना या चुका टाळा

उस्मानाबादी शेळीच्या करडांचे दूध साधारणतः तिसऱ्या महिन्यात तोडले जाते. त्यानंतर आठ-दहा दिवसांत करडू खंगले किंवा त्याला हगवण लागली की आपण हवामानाला दोष देतो. प्रत्यक्षात बहुतेक वेळा त्याची आई, दूध, जागा आणि चारा हे सारे आपणच एका दिवशी बदललेले असते.

पहिली चूक केवळ दिवस मोजण्याची. तिळ्यांतले दुबळे करडू नव्वद दिवसांनीही तयार नसते. ते गव्हाणीत तोंड घालते, पण तुरीचा भुसा नुसता हुंगून सांडते, आणि लांबून पाहणाऱ्याला ते खात असल्यासारखे वाटते. म्हणून संध्याकाळी त्याची डावी कूस हाताने चाचपावी. ती भरलेली लागत असेल आणि करडू निवांत रवंथ करीत बसत असेल, तरच दूध तोडण्याचा विचार करावा.

दुसरी चूक अधिक महाग पडते. करडांना उचलून नव्या गोठ्यात कोंडण्याऐवजी त्यांना ओळखीच्या जागी ठेवून शेळ्यांना हलवावे, आणि तेही जाळीच्या पलीकडेच, म्हणजे माय-लेकरे एकमेकांना पाहू व हुंगू शकतील, पण सड तोंडात येणार नाही. गोमांसासाठी पाळलेल्या वासरांवर कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील संशोधकांनी ही कुंपणाआडची पद्धत तपासली होती. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात अशी वासरे कमी हंबरली आणि त्यांचे वजनही अधिक वाढले. जाळीची भोके मात्र शिंगे अडकणार नाहीत इतकी बारीक हवीत.

दूध तुटले म्हणून मक्याचा भरडा एकदम वाढवू नये. त्याने पोटात आम्लता होते आणि आंत्रविषाराला, म्हणजे आतड्यांत विष तयार होण्याच्या रोगाला, वाट मिळते. या रोगाची लस पशुवैद्यकाच्या सल्ल्याने आधीच टोचून घ्यावी. खच्चीकरण, कानातला बिल्ला आणि बाजाराची फेरी याच आठवड्यात नको.

शेळीचे दूध आटावे म्हणून तिचा खुराक दोन-तीन दिवस आधीपासून कमी करावा, पाणी तोडू नये. कास गरम व टणक लागली तर दगडीची, म्हणजे कासेच्या सुजेच्या रोगाची, शंका घ्यावी.

पहिले दोन-तीन दिवस करडे ओरडणारच. चौथ्या दिवशीही एखादे कोपऱ्यात मान टाकून उभे असेल, तर आधी ताप मोजावा; ताप नसेल आणि तरी ते खात नसेल, तर त्याला आणखी पंधरा दिवस आईखाली सोडावे.