क्रँकचं मागचं ऑइल सील बदलताना या चुका टाळा

बेल हाउसिंगच्या, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्समधल्या घंटेसारख्या कवचाच्या, खालच्या भोकातून तेल टपकायला लागलं की गॅरेजमध्ये पहिलं वाक्य ठरलेलं असतं : "मागचं सील गेलं, गिअरबॉक्स उतरवावा लागेल." हे सील म्हणजे क्रँकच्या, इंजिनच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या, मागच्या टोकाशी तेल अडवणारी कडी. टाटाच्या ६९७ इंजिनसारखं जुनं सहा सिलिंडरचं इंजिन असेल, तर गिअरबॉक्स, क्लच आणि फ्लायव्हील काढून परत बसवणं हे अंगमेहनतीचं काम आहे. गाडी उभी आणि हप्ता चालू, अशात मालकाचा जीव टांगणीला लागतो. म्हणून माझं कळकळीचं सांगणं आहे की पाना हातात घेण्याआधी तेल कुठून येतंय ते बघा.

तेल वरून खाली येतं आणि चालत्या गाडीत वाऱ्याने मागे सरकतं. टॅपेट कव्हरचं पॅकिंग किंवा ऑइल प्रेशरचा स्विच गळत असेल, तरी ओघळ शेवटी बेल हाउसिंगवरच येतो. इंजिन डिझेलने धुवा, कोरडं पुसा, संशयाच्या जागी टाल्कम पावडर मारा आणि अर्धा तास चालवा. पांढऱ्या पावडरवर काळी रेघ कुठून सुरू होते ते लगेच दिसतं. बोटावर तेल घेऊन वासही घ्या. गिअर ऑइल जाडसर असतं आणि त्याला गंधकासारखा उग्र वास येतो. तो आला, तर गळती गिअरबॉक्सच्या पुढच्या सीलची आहे.

दुसरी चूक सगळ्यात महागात पडते. सील का गेलं, हे कोणी विचारतच नाही. माझ्याकडे पावसाळाभर उभी राहिलेली एक गाडी आली होती. नवं सील टाकून आठवडा झाला नव्हता, तरी गळत होती. मी ब्रीदरचा, म्हणजे इंजिनच्या आतली हवा बाहेर सोडणारा, पाइप सोडवला, तर आत कुंभारीण माशीचं मातीचं घर, पार दगडासारखं घट्ट. क्रँककेसमधल्या (क्रँक फिरतो त्या पोकळीतल्या) हवेला बाहेर पडायला वाटच नव्हती, त्यामुळे आतल्या दाबाने सीलची लिप, म्हणजे क्रँकला टेकणारी कड, बाहेर ढकलली होती. तारेने पाइप मोकळा केला, सील पुन्हा बदललं आणि गळती थांबली. ब्रीदर साफ असूनही ऑइल भरायच्या झाकणातून धूर भसाभसा उसळत असेल, तर रिंगा आणि लायनर झिजलेत. तिथे कितीही भारी सील टाका, ते टिकणार नाही. मेन बेअरिंगचंही तसंच. फ्लायव्हील काढण्याआधी टॉमीने (लोखंडी दांड्याने) क्रँक पुढे-मागे आणि वर-खाली हलवून बघा. वर-खाली हालचाल जाणवली, तर आधी बेअरिंग.

जुनं सील स्क्रू ड्रायव्हर घालून उपटू नका. क्रँकवर एक ओरखडा पडला, की नवं सील पहिल्या दिवसापासून गळणार. सीलच्या पत्र्याला जपून बारीक भोक पाडा, त्यात स्क्रू पिळा आणि पकडीने सरळ ओढा. भोक पाडताना भोवती ग्रीस लावलं, तर कीस त्यालाच चिकटतो.

सील निघालं की क्रँकवर जिथे लिप घासते तिथून नख आडवं फिरवा. नख अडकलं, म्हणजे खाच पडली आहे. हा तपास बरेच जण गाळतात आणि मग सीलच्या कंपनीला शिव्या घालतात. हाउसिंगमध्ये जागा असेल, तर नवं सील एक-दोन मिलिमीटर पुढे-मागे बसवा, म्हणजे लिप कोऱ्या जागेवर येईल. जागा नसेल, तर त्या मापाची पातळ स्टीलची स्लीव्ह (नळीसारखं आवरण) क्रँकवर चढवा. जाड पॉलिश पेपरने लांबीच्या दिशेने घासू नका, त्या रेघांमधून तेल बाहेर येतं.

बसवताना स्प्रिंगची बाजू तेलाकडे, म्हणजे इंजिनकडे. साध्या काळ्या रबराच्या सीलच्या लिपला इंजिन ऑइल लावा. टेफ्लॉनच्या लिपचं सील मात्र कोरडंच बसवायचं असतं, लिपला बोटसुद्धा लावायचं नाही. त्याच्यासोबत प्लास्टिकची रिंग आली असेल, तर ती फेकू नका, सील तिच्यावरूनच सरकवायचं असतं. रबरी सीलला अशी रिंग नसेल, तर जुन्या एक्स-रे फिल्मची गुंडाळी क्रँकच्या कडेवर धरा, लिप दुमडत नाही. मग सीलच्या बाहेरच्या कडेएवढ्या पाइपने चहूबाजूंनी सारखं ठोकत जा. एकाच बाजूला हातोडा मारला की सील तिरकं बसलंच.

काही जुन्या इंजिनांत सीलऐवजी दोन तुकड्यांची दोरी असते. तिचं टोक ब्लॉकच्या कडेशी सपाट कापू नका, कंपनीने सांगितलंय तेवढं किंचित वर ठेवा. जुनी दोरी ॲस्बेस्टॉसची असू शकते, म्हणून ती ओली करून काढा आणि हवेचा पाइप मारू नका.

गिअरबॉक्स परत चढवताना तो क्लच प्लेटवर लोंबकळू देऊ नका, शेवटपर्यंत जॅकवर तोलून धरा. फ्लायव्हीलचे बोल्ट टॉर्क पान्यानेच आवळा. बोल्टची भोकं आरपार क्रँककेसमध्ये उघडत असतील, तर आट्यांना सीलंट लावा. नाहीतर तेल बोल्टमधून येतं आणि ठपका नव्या सीलवर बसतो. तेल भिनलेली क्लच प्लेट पेट्रोलने धुऊन परत टाकू नका, चढावर भरल्या गाडीत ती घसरते.

गाडी देण्याआधी एक लांब फेरी मारून आणा आणि रात्रभर खाली कोरा पुठ्ठा टाकून ठेवा. सकाळी पुठ्ठा कोरडा असेल, तरच किल्ली मालकाच्या हातात द्या.