घटनास्थळावर पाऊल ठेवण्याआधी

तपासात नव्यानं येणाऱ्यांना वाटतं, पुरावा सापडणं हेच अवघड काम. सापडणं डोळ्यांच्या सरावानं जमत जातं. खरा घोळ होतो तो उचलताना, पाकिटात घालताना आणि त्याच्याही आधी, पाचसहा माणसं विनाकारण आत-बाहेर करतात तेव्हा. एदमाँ लोकार यांनी १९१० मध्ये फ्रान्समधल्या लिओं शहरात पोलिसांसाठी प्रयोगशाळा सुरू केली. दोन गोष्टींचा संपर्क आला की इकडचं काहीतरी तिकडे जातं, हे त्यांच्या नावानं ओळखलं जाणारं तत्त्व सगळ्यांना तोंडपाठ असतं. ते आपल्यालाही लागू आहे, हे मात्र दारात पोचल्यावर आठवत नाही. म्हणून पुढची सगळी तयारी मुख्यतः आपल्यापासून ती जागा वाचवण्याची आहे.

सुरुवात बॅगेपासून करा, आणि ती बोलावणं येण्याआधी भरलेली असू द्या. १९२४ साली इंग्लंडमध्ये समुद्रकाठच्या एका बंगल्यातल्या खुनाच्या तपासात शवचिकित्सक बर्नार्ड स्पिल्सबरी यांना दिसलं, की पोलीस मृतदेहाचे अवशेष उघड्या हातांनी उचलतायत. त्यानंतर स्कॉटलंड यार्डनं रबरी हातमोजे, चिमटे, भिंग, मोजपट्टी, पुरावा ठेवायच्या पिशव्या असं साहित्य भरलेली तयार बॅग ठेवायला सुरुवात केली. आजची बॅग मोठी झाली, पण पाया तोच आहे. हातमोज्यांचा अख्खा खोका घ्या, दोनचार जोड पुरत नाहीत. नवी वस्तू हाताळायची तर नवा जोड. मास्क, केस झाकायची टोपी, अंगभर झगा, बुटांवरची आवरणं. निरनिराळ्या मापांची कागदी पाकिटं आणि पिशव्या, पुठ्ठ्याचे खोके, झाकण घट्ट बसणारे स्वच्छ पत्र्याचे डबे, सुया-पात्यांसाठी कडक नळ्या. सीलची टेप, न पुसणारं पेन, आकड्यांच्या पाट्या, मोजायची टेप, होकायंत्र, जोरदार टॉर्च. ठशांसाठी पावडर, ब्रश आणि उचलायची टेप. बुटांच्या खोल उमट्यांसाठी डेंटल स्टोन, म्हणजे साचा घ्यायची प्लास्टरसारखी पूड, आणि ती कालवायला पाणी.

कापसाच्या काड्या, म्हणजे स्वॅब, घेताना वेष्टनावर काय छापलंय ते वाचा. ‘निर्जंतुक’ एवढंच लिहिलं असेल तर ते पुरेसं नाही. जर्मनीत एका अज्ञात स्त्रीचा डीएनए कितीतरी वर्षं एकमेकांशी काडीचाही संबंध नसलेल्या गुन्ह्यांत सापडत होता. जर्मनी, ऑस्ट्रिया आणि फ्रान्स मिळून अशी जवळपास चाळीस ठिकाणं झाली. २००७ मध्ये हाइलब्रॉनला एका पोलीस अधिकारी तरुणीचा खून झाला आणि तिथेही तोच डीएनए आला, तेव्हा शोधाला आणखी जोर चढला. २००९ मध्ये कळलं, की असली कोणी गुन्हेगारच नाही. स्वॅब बनवण्या-भरण्याच्या कामावरच्या एका बाईंचा डीएनए त्या काड्यांना लागलेला होता. निर्जंतुक करताना जंतू मरतात, डीएनए तिथेच राहतो. पुढे २०१६ मध्ये आयएसओ १८३८५ हे मानक आलं, ते पुरावा गोळा करायच्या साहित्यात माणसाचा डीएनए येऊ नये यासाठीच. खरेदी तुमच्या हातात नसली तरी वेष्टन वाचणं हातात आहे.

कॅमेऱ्याची बॅटरी सगळेच बघतात. त्याचं घड्याळ कोणी बघत नाही, आणि फोटोतली वेळ आणि वहीतली वेळ जुळली नाही की उलटतपासणीत पहिला प्रश्न तिथूनच येतो. मेमरी कार्ड रिकामं असावं. नको असलेला फोटो जागेवर पुसायची सवय असेल तर ती आजच सोडा. अंधूक आलेला फोटोही राहू द्या, कारण क्रमांकांतली फट अंधूक फोटोपेक्षा जास्त महाग पडते.

पोचल्यावर पहिला विचार जिवंत माणसाचा. कोणी जखमी असेल तर उपचार आधी, ठसे नंतर. यात वादच नाही. मात्र वैद्यकीय पथक निघण्याआधी त्यांना विचारून घ्या, की काय हलवलं, कुठून आत आलात, कपडे कुठे कापले, कोणत्या रंगाचे हातमोजे घातले होते. मग घेरा टाका, आणि गरज वाटते त्याहून मोठाच टाका. घेरा नंतर लहान करता येतो. मोठा करायची वेळ आली तर तोवर त्या पट्ट्यातून गर्दी फिरून गेलेली असते. दारावर एक माणूस वही घेऊन उभा करा: कोण आत गेलं, किती वाजता, कशासाठी, किती वाजता बाहेर आलं. या वहीचा एक फायदा कोणी सांगत नाही. नाव लिहावं लागणार म्हटलं की नुसतं बघायला आलेले वरिष्ठ बऱ्याचदा बाहेरच थांबतात.

आत जायची एकच वाट ठरवा. गुन्हेगार ज्या वाटेनं आला-गेला असण्याची शक्यता जास्त, ती सोडून दुसरी. आतला नळ, संडास, फोन, चार्जर वापरायचा नाही. रक्त धुतलं असेल तर ते नळाखालच्या मोरीत असू शकतं. खिडकी उघडायची नाही, पंखा लावायचा नाही. दिवा चालू होता की बंद, हे बटणाला हात लागण्याआधी लिहा. खाणं, पिणं, सिगारेट सगळं घेऱ्याबाहेर.

काहीही उचलण्याआधी टॉर्च हातात घ्या. वरून प्रकाश टाकला तर स्वच्छ फरशी दिसते. तोच टॉर्च फरशीला जवळजवळ टेकवून आडवा धरला, की धुळीतले बुटांचे नक्षीदार उमटे एकेक करून वर येतात, आणि आपण आत्ता कुठे पाय ठेवणार होतो तेही कळतं. हा दोन मिनिटांचा उद्योग कधीही टाळू नका.

फोटो लांबून, मधून आणि जवळून अशा तीन टप्प्यांत. जवळचा फोटो आधी पट्टीशिवाय, मग पट्टी ठेवून, म्हणजे पट्टीखाली काही झाकलं गेलं असा आक्षेप राहत नाही. ठशाचा फोटो घेताना कॅमेरा स्टँडवर आणि भिंग ठशाच्या बरोबर समोर, तिरकं नको. पट्टी ठशाच्याच पातळीत. फोटो कितीही काढले तरी नकाशा लागतोच, कारण फोटोत अंतरं फसवतात. न हलणाऱ्या दोन जागा धरा, उदाहरणार्थ खोलीचे दोन कोपरे, आणि प्रत्येक वस्तूचं अंतर दोन्हींपासून मोजा. उत्तर दिशा दाखवा. ‘प्रमाणात नाही’ हे शब्द लिहायला लाजू नका.

उचलायचा क्रम महत्त्वावर ठरत नाही, काय आधी नष्ट होईल यावर ठरतो. पावसात भिजणारे अंगणातले उमटे, वाऱ्यानं उडणारा केस, सैल तंतू हे आधी. टेबलावरची जड सुरी थांबू शकते. गोळीबारात हातांवर उडालेले कण जिवंत माणसाच्या वावरण्यानं काही तासांत झडून जातात, त्यामुळे त्याचे हात धुवायच्या आधी नमुना घ्यायचा. मृताचे हात कागदी पिशव्यांत बांधायचे. ल्युमिनॉलची, म्हणजे रक्ताच्या डागावर फवारलं की अंधारात चमकणाऱ्या रसायनाची, हौस शेवटी. ते ब्लीचला, काही धातूंना आणि काही वनस्पतींच्या रसालाही चमकतं, आणि फवाऱ्यामुळे पुसट डाग आणखी पातळ होतो. चमकलं म्हणजे रक्तच, असं लिहू नका.

आता पाकिटं. माझ्या मते सगळ्यात जास्त चांगला पुरावा इथेच वाया जातो. ओला रक्ताळलेला कपडा प्लास्टिकच्या पिशवीत बंद केला की आतल्या दमटपणात बुरशी आणि जिवाणू वाढतात आणि डीएनएची नासाडी होते. स्वच्छ कागदावर, सावलीत, उष्णता न देता वाळवा. मग कागदी पिशवीत. घडी घालताना डागावर डाग येऊ देऊ नका, मधे कोरा कागद घाला. दोन वस्तू एका पाकिटात कधीच नकोत, त्या एकाच खिशातून निघाल्या तरी. जळिताच्या राखरांगोळीचं गणित नेमकं उलटं: तिथे कागद चालत नाही, साधी प्लास्टिकची पिशवीही नाही, कारण पेट्रोलसारख्या द्रवांची वाफ तिच्यातून निसटते. घट्ट झाकणाचा पत्र्याचा डबा घ्या आणि काठोकाठ भरू नका, वर हवेला जागा ठेवा. प्रयोगशाळा तीच हवा तपासते. त्याच जमिनीचा न जळलेला, द्रव न पडलेला तुकडा वेगळ्या डब्यात द्यायचा. नाहीतर गालिच्यातूनच आलेली रसायनं आणि कोणी ओतलेलं इंधन यांत फरक करणं कठीण जातं.

केस, तंतू, रंगाचे कण, काचेचा चुरा यांच्यासाठी औषधाची असते तशी कागदाची पुडी बांधा आणि ती पाकिटात घाला. नुसत्या पाकिटाचे कोपरे बारीक कणांना उघडे असतात, त्यातून चुरा गळून जातो. सुरी खोक्यात दोऱ्यानं तळाशी बांधा, म्हणजे ती घासत नाही आणि उघडणाऱ्याचा हातही कापत नाही. बंदूक उचलायला नळीत पेन्सिल घालू नका; आतले कण आणि खुणा त्यानं बिघडतात. ती आहे त्या स्थितीत फोटो, खटका कसा होता याची नोंद, मग जाणकाराकडून रिकामी करून घ्यायची. मोबाइल बंद असेल तर बंदच ठेवा. चालू असेल तर पडद्यावर जे दिसतंय त्याचा फोटो घ्या आणि सिग्नल अडवणाऱ्या पिशवीत ठेवा. त्या पिशवीत फोन नेटवर्क शोधत राहतो आणि बॅटरी भराभर संपते, त्यामुळे तो लवकर पोचवावा लागतो. ‘जरा गॅलरी बघतो’ म्हणणाऱ्याच्या हातात फोन देऊ नका, मग तो कोणीही असो.

पाकिटावरचा मजकूर वस्तू आत घालण्याआधी लिहा. आत केस असताना वरून पेन दाबलं तर नुकसान होतं. प्रकरणाचा क्रमांक, वस्तूचा क्रमांक, नेमकी जागा, तारीख, वेळ, नाव. ‘खोलीतून’ ही नेमकी जागा होत नाही. ‘पलंगाखाली, भिंतीपासून ४० सेंटिमीटर’ ही होते. सील लावल्यावर सही अशी करा की अर्धी टेपवर आणि अर्धी पाकिटावर येईल. जीभ लावून पाकीट चिकटवलंत, तर तुमचाच डीएनए त्यावर गेला. पुढे कोणाला उघडावं लागलं तर जुनं सील न तोडता दुसऱ्या बाजूनं कापायचं, आणि नवं सील नव्या सहीनं. साक्षीदार किती लागतात, कोणाच्या सह्या हव्यात, हे जिथला कायदा तिथून आधीच पाहून ठेवा.

घरातल्या, कामावरच्या आणि आपल्या पथकातल्या लोकांचे ठसे आणि डीएनए नमुने तुलनेसाठी घ्यायचे राहतात. कारण सोपं आहे: मागायला अवघड वाटतं. त्या दिवशी मागितले नाहीत तर महिन्याभरानं कपाटावरचा प्रत्येक ठसा संशयिताचा वाटायला लागतो.

जागा मोकळी करण्याआधी दोघांनी मिळून शेवटची फेरी मारा. एकानं वही वाचायची, दुसऱ्यानं पाकिटं मोजायची. वापरलेले हातमोजे, टेपचे तुकडे, रिकामी वेष्टनं आपल्याच कचऱ्याच्या पिशवीत परत न्या. एकदा ताबा सोडला की नंतर मिळालेल्या वस्तूबद्दल ‘ती मधल्या काळात कोणी ठेवली नाही कशावरून’ हा प्रश्न ठरलेला. शंका असेल तर एक रात्र पहारा ठेवणं स्वस्त पडतं.

पाकिटं उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत ठेवायची नाहीत, आणि ओल्या जैविक नमुन्यांना थंडावा लागतो. प्रयोगशाळेत देताना कोणी दिलं, कोणी घेतलं, तारीख, वेळ, कारण, सील शाबूत होतं की नाही, हे दोन्ही बाजूंनी लिहून घ्या. पाकिटांची संख्या पावतीवर आकड्यांत आणि अक्षरांत दोन्हीकडे टाकायला सांगा, आणि पावतीचा फोटो तिथेच काउंटरवर काढा.